झोपेच्या गोळीपुढे बंद करायची तारीखही लिहा

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



हे पत्र एका तारखेबद्दल आहे.

रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जातो. डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात. गोळीचे नाव, ताकद, अर्धी की अख्खी, जेवणानंतर किती वेळाने, सगळे चिठ्ठीवर असते. ती बंद कधी करायची, हे मात्र कित्येकदा लिहिलेले नसते. अँटिबायोटिकपुढे पाच दिवस लिहिले जातात, जुलाबाच्या गोळीपुढे तीन दिवस. झोपेच्या गोळीपुढची जागा कोरी, नाहीतर तिथे नुसते ‘पुन्हा दाखवा’. पुन्हा दाखवायचे तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे तिकीट लागते, तपासणीची फी द्यावी लागते. त्यापेक्षा तीच चिठ्ठी मेडिकलच्या काउंटरवर पुन्हा ठेवणे परवडते. पंधरा दिवसांसाठी सुरू झालेली गोळी अशी वर्षानुवर्षे चालू राहते. चालू ठेवा असे कुणी सांगितलेले नसते, आणि थांबवा असेही कुणी म्हटलेले नसते.

हे पत्र जामखेडहून लिहिण्याला कारण आहे. ६ मे २०२५ रोजी राज्याचे मंत्रिमंडळ बैठकीसाठी चौंडीला आले होते. अहिल्यादेवी होळकरांचे हे जन्मगाव जामखेड तालुक्यातच येते. ज्या जिल्ह्याला आता त्यांचे नाव आहे, त्याच्या अगदी कडेला हा तालुका आहे. जिल्ह्याचे गाव इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर लांब आणि बीड, धाराशिव, सोलापूर मात्र शिवेला लागून. खर्ड्याच्या किंवा साकतच्या माणसाला झोप येत नाही म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला दाखव म्हटले, तर त्याचा एक दिवस आणि दोन दिवसांचे पैसे त्यात जातात. म्हणून तो जवळच्या दवाखान्यात जातो आणि तिथून गोळी घेऊन येतो. यात त्याची चूक नाही. समोर साठ-सत्तर रुग्ण बसलेले असताना पाच मिनिटांत चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरलाही सगळा दोष देता येत नाही.

आधी गोळीची बाजू मांडायला हवी, कारण तिच्याबद्दल दोन्हीकडून टोकाचे बोलले जाते. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन नावाच्या एकाच घराण्यातली औषधे. झोल्पिडेम या घराण्यातले नाही, पण मेंदूत तेही त्याच ठिकाणी जाऊन काम करते. या औषधांच्या आधी बार्बिट्युरेट वापरली जात. झोप आणणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांच्यात फार थोडे अंतर असल्यामुळे बार्बिट्युरेटने जगभर असंख्य बळी घेतले. हॉफमन-ला रोश कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये बाजारात आले आणि १९६३ मध्ये डायझेपाम. त्या काळात ही मोठी सुटका होती. आजही ऐन संकटात या गोळीचा उपयोग आहे. घरातला कर्ता अपघातात गेला आणि बायको चार रात्री भिंतीला टेकून बसून आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री माणूस भीतीने घामाघूम झाला आहे. रात्री दोनला छातीत धडधड होते, जीव घाबरतो, आता आपण मरणार असे वाटते, आणि ईसीजी मात्र साफ निघतो. अशा वेळी थोड्या दिवसांची गोळी माणसाला आधार देते. ती नाकारण्यात शहाणपणा नाही.

पण हा आधार थोड्या दिवसांपुरताच असतो. मेंदूत गाबा नावाचे रसायन असते. पेशींची लगबग शांत करणे हे त्याचे काम, आणि या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. रोज बाहेरून मदत मिळू लागली की काही आठवड्यांत मेंदू स्वतःची तजवीज आवरती घेतो. मग अर्ध्या गोळीने भागत नाही, अख्खी लागते. एखाद्या रात्री गोळी चुकली तर मूळच्या निद्रानाशापेक्षा वाईट रात्र जाते, आणि ‘बघा, गोळीशिवाय मला झोपच येत नाही’ अशी माणसाची खात्री पटते. खरे तर ती रात्र गोळी सुटल्याने बिघडलेली असते. ब्रिटनमधील औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्येच डॉक्टरांना कळवले होते की ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत. युरोपातील निद्राविकारांची मार्गदर्शक तत्त्वेही साधारणपणे चार आठवड्यांचीच मर्यादा घालतात. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या घराण्यातल्या प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकात सवय, गैरवापर आणि गोळी तुटल्यावर होणारा त्रास यांबद्दल चौकटीतला इशारा बंधनकारक केला. म्हणजे हे ज्ञान नवे नाही. पस्तीस वर्षांहून अधिक काळ ते उपलब्ध आहे, तरी तालुक्याच्या चिठ्ठीपर्यंत ते पोचलेले नाही.

वयस्कर माणसांच्या बाबतीत हिशेब आणखी उलटा पडतो. साठीपुढच्या माणसांवर झालेल्या अनेक चाचण्या एकत्र करून ब्रिटिश मेडिकल जर्नलने २००५ मध्ये एक विश्लेषण छापले. तेरा जणांना झोपेची गोळी दिली तर एकाची झोप खरोखर सुधारते, आणि सहा जणांना दिली तर एकाला काहीतरी त्रास होतो, असे त्यात दिसले. आपल्याकडे तो त्रास कसा होतो, ते जवळून पाहावे. सत्तरीची म्हातारी रात्री लघवीला उठते. संडास घराबाहेर, अंगणाच्या कोपऱ्यात. उंबरा ओलांडायचा, दोन पायऱ्या उतरायच्या, पडवीतला दिवा कधी असतो, कधी नसतो. डोळे उघडे असतात, पण अंग अजून गोळीच्या अमलात. पाय अडखळतो आणि खुब्याचे हाड मोडते. दवाखान्याच्या कागदावर ‘घरात पडून अस्थिभंग’ अशी नोंद होते. त्या कागदावर गोळीचे नाव कुठेच येत नाही. डायझेपामसारख्या औषधाचा अंगातला अंश निम्म्यावर यायलाच एक-दोन दिवस लागतात, आणि शरीरात त्यापासून जे दुसरे द्रव्य तयार होते ते त्याहून जास्त रेंगाळते. रोज रात्री एक घेणाऱ्याच्या अंगात कालची आणि परवाचीही थोडी शिल्लक असतेच. तोच माणूस सकाळी मोटारसायकलवर नातवाला शाळेत सोडायला निघतो.

दारू घेणाऱ्याला आणि झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडकणाऱ्याला या गोळ्या आणखी धोक्याच्या, कारण त्या श्वास मंद करतात. अशा घोरणाऱ्याची झोप मुळात श्वास अडकल्यामुळे मोडत असते. त्याला झोपेची गोळी देणे म्हणजे दुखणे वाढवणे.

मंत्रिमहोदय, एक गोष्ट आपल्या खात्याच्या नजरेतून सहज निसटू शकते. झोपेची गोळी घेणाऱ्या कित्येकांना आपण ती घेतो हे ठाऊकच नसते. उदासीनतेवरच्या एस्सिटालोप्राम या औषधात क्लोनाझेपाम मिसळलेल्या जोडगोळ्या देशभर सर्रास लिहिल्या जातात. आम्लपित्त आणि पोटातल्या मुरड्यावरच्या काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड असते. बाई म्हणते, ‘ही माझी पोटाची गोळी.’ पाकिटाच्या मागे बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेले ते नाव वाचणे तिच्या आवाक्यातले नसते. दोन वर्षांनी ती ‘पोटाची’ गोळी बंद केली की हात थरथरतात, रात्र उलटते, जीव कासावीस होतो, आणि कारण पोटातच शोधले जाते.

आता या भागात झोप का येत नाही, ते पाहू. गोळी लिहिताना हा प्रश्न सर्वात कमी विचारला जातो, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

शेतीपंपाची वीज चक्राकार पद्धतीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की कांद्याला, गव्हाला पाणी द्यायला शेतकरी अकरा-बाराला बॅटरी घेऊन निघतो. साप आहे, विंचू आहे आणि आता जिल्ह्यात बिबट्याचीही भीती आहे. पहाटे घरी येऊन तो अंग टाकतो, तोच गोठ्यातली म्हैस हंबरते. चार-पाच दिवसांनी पाळी बदलते आणि त्याला पुन्हा रात्री झोपायचे असते. शरीराचे घड्याळ एवढ्या लवकर फिरत नाही. कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याचा जो निद्रानाश पुस्तकात लिहिलेला आहे, तोच हा, फक्त त्याची कुठे नोंद होत नाही. या माणसाला झोपेची गोळी देणे म्हणजे वीज वितरणाच्या वेळापत्रकावर त्याच्या मेंदूत उपचार करण्यासारखे आहे. शेतीला दिवसा वीज देण्याची सौर कृषी वाहिनी योजना सरकारने हाती घेतली आहे. ती पूर्ण होणे हाही आरोग्याचाच कार्यक्रम आहे, असे आपण ऊर्जा खात्याला सांगितले पाहिजे.

दुसरा निद्रानाश उसाच्या फडातला. बालाघाटाच्या या पट्ट्यातून दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात. उचल आधीच घेतलेली असते, म्हणजे अंगावर कर्ज घेऊनच हंगाम सुरू होतो. भल्या पहाटे कोयता हातात, रात्री-अपरात्री गाडी आली की मोळ्या भरायच्या, पाचटाच्या कोपीत लेकरे. बायकांचे हाल याहून पुढचे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. तेव्हा झालेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यावर चर्चा झाली, समिती झाली, नियम झाले. पण त्यानंतरच्या रात्रींबद्दल कुणी बोलले नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले, तर तिशी-पस्तिशीतल्या बाईची पाळी जाण्याची लक्षणे एका झटक्यात सुरू होतात. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने पातळ ओले होते, छातीत धडधडते, उगाच रडू येते, झोप तीन-चारदा मोडते. या दुखण्याला नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. तिला मात्र ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला आणि एक झोपेची गोळी मिळते. हंगामात फडावर पाकीट संपते, जवळ मेडिकल नसते, आणि गोळी एका दिवसात तुटते. बराच काळ घेतलेली गोळी अशी एकदम तुटली की हातापायाला कंप, भास, कधी कधी झटकाही येतो. फडावर त्याला ‘बाहेरचं काही’ म्हटले जाते.

तिसरे कारण सगळ्यांनाच माहीत आहे. सोसायटीचे कर्ज, सावकाराचे व्याज, मुलीचे लग्न, पडलेला भाव. रात्री तीनला जाग येते आणि मग हिशेब सुरू होतो. पहाटे लवकर जाग येणे, भूक मरणे आणि कशातच मन न लागणे ही लक्षणे एकत्र दिसली तर ती उदासीनतेच्या आजाराची असू शकतात. तिथे नुसती झोपेची गोळी दिली तर आजार झाकला जातो आणि ज्याच्या मनात जिवाचे बरे-वाईट करण्याचे विचार आहेत त्याच्या हाती आणखी एक पाकीट पडते. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना उपचाराची गरज असलेला मानसिक आजार आढळला होता, आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून जास्त लोक उपचारांपासून दूर होते. दूर असलेल्या या लोकांपैकी किती जण झोपेच्या गोळीपाशी येऊन थांबले असतील, हा प्रश्न आपण आपल्या खात्याला विचारावा, ही विनंती.

कायदा नाही असे कुणी म्हणू नये. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. पाकिटावर लाल चौकट असते. विक्रेत्याने वेगळी वही ठेवायची, डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची असा नियम आहे. ही औषधे अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही येतात. मालेगावात ‘कुत्ता गोळी’ आणि छत्रपती संभाजीनगरात ‘बटण’ म्हणून ज्या गोळ्यांचा साठा पोलीस पकडतात, त्या याच घराण्यातल्या. त्या कारवाया व्हायलाच हव्यात. पण कायद्याचे लक्ष तिथेच संपते. चिठ्ठी घेऊन येणारी साठीची बाई कुणाच्याच वहीत प्रश्न म्हणून नोंदली जात नाही. एच-१ची वही विकलेल्या गोळ्या मोजते. ही बाई गेली तीन वर्षे हीच गोळी का घेते आहे, असे ती वही विचारत नाही. उलट निव्वळ कडक बंदोबस्त केला आणि उद्यापासून विक्रेत्यांनी घाबरून काउंटर बंद केले, तर वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांची गोळी एका रात्रीत तुटेल. ते तर फारच धोक्याचे आहे. हे पत्र वाचणाऱ्या कुणी स्वतःहून उद्या गोळी बंद करू नये, हे इथेच स्पष्ट सांगायला हवे. बराच काळ चाललेली गोळी डॉक्टरच्या सल्ल्याने, काही आठवडे ते काही महिने घेऊन, थोडी थोडी कमी करायची असते. फिट्स येणाऱ्यांना क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम वेगळ्या कारणासाठी दिलेले असते, त्यांचा तर या चर्चेशी संबंधच नाही.

असे कमी करता येते, याचा दाखला आहे. कॅनडातील क्यूबेकमध्ये कारा टॅनेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध दुकानांतून गोळी घेणाऱ्या पासष्टीपुढच्या माणसांना एक साधी पुस्तिका पाठवली. गोळीने काय होते, पर्याय काय आहेत आणि ती हळूहळू कमी करण्याचे वेळापत्रक कसे असते, एवढेच तीत होते. अर्धी आणि पाव गोळी चित्राने दाखवलेली होती, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही समजेल. आपल्या डॉक्टरशी बोला, असेही सांगितले होते. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांची गोळी पूर्ण सुटली होती. ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण होते ५ टक्के. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला ना नवे रुग्णालय लागले, ना यंत्रसामग्री. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याला कुणीतरी सन्मानाने माहिती दिली, इतकेच घडले.

गोळीला पर्याय काय, तोही डॉक्टरांच्या संघटनांनी लिहून ठेवला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले की जुन्या निद्रानाशावर पहिला उपचार वर्तनावर आधारलेला असावा, गोळी त्यानंतर. त्यातल्या बऱ्याच गोष्टी गावात शिकवता येतात. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच ठेवायची. दुपारची झोप टाळायची, निदान लांबवायची नाही. अंथरुणावर पडून वीस-पंचवीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसायचे, मंद उजेडात काहीतरी साधे करायचे आणि डोळे जड झाले की पुन्हा पडायचे. चार तास झोप येत असेल तर नऊ तास अंथरुणात लोळायचे नाही. संध्याकाळनंतर चहा नको. झोपेसाठी दारू तर नकोच, तिने पहाटेची झोप मोडते. कर्जाचा हिशेब रात्री तीनला करण्याऐवजी संध्याकाळी पाचला, दिव्याखाली, वही घेऊन आणि शक्यतो घरातल्या कुणाला शेजारी बसवून करायचा. वाचायला हे सोपे आहे. करायला अवघड, कारण पहिले दोन-तीन आठवडे झोप आणखी कमी झाल्यासारखी वाटते, आणि तेव्हाच माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. त्या दोन-तीन आठवड्यांत कुणीतरी दाराशी येऊन ‘कशी गेली रात्र?’ असे विचारायला हवे.

आणि हे कसे करायचे ते महाराष्ट्राला जामखेडनेच दाखवले आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले आणि त्यांनी इथे गावांसाठी आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परतलेले हे जोडपे. शिकलेल्या परिचारिका खेड्यात मुक्कामाला राहीनात, तेव्हा त्यांनी गावाला आपल्यातलीच एक बाई निवडून द्यायला सांगितले. निवडून आलेल्या बायकांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. जामखेडला येऊन त्या शिकल्या आणि परत गावात जाऊन शिकवू लागल्या. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे, बाळंतिणीला काय खायला द्यायचे, क्षयाची गोळी मध्येच का सोडायची नाही, कुष्ठरोग्याला घरात का ठेवायचे, हे त्यांनी घरोघर बसून सांगितले. दोन दशकांत प्रकल्पाच्या गावांतला अर्भकमृत्यूचा दर हजारी १७६ वरून विसाच्या आसपास आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या खात्याची आशा कार्यकर्ती आज जे काम करते, त्याची वाट या बायकांनी पाडली. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ मध्ये. प्रकल्प आजही जामखेडमध्ये आहे आणि जगभरातून माणसे तिथे शिकायला येतात.

ज्या बायकांनी क्षयाची गोळी मध्येच सोडू नका हे गावाला पटवले, त्यांच्या लेकी-सुनांना झोपेची गोळी वेळेवर सोडा हे पटवणे जमणार नाही, असे मानायला काहीच आधार नाही. मानसिक आरोग्याचे कामही गावातली प्रशिक्षित माणसे करू शकतात, हेही महाराष्ट्रात तपासून झाले आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. त्यात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी उदासीनतेबद्दल मोकळेपणाने बोलायला सुरुवात केली. उदासीनता असलेल्यांपैकी उपचारासाठी पुढे येणाऱ्यांचे प्रमाण तिथे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे लॅन्सेट सायकियाट्रीने २०१७ मध्ये छापले. गोव्यातही प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी असेच काम करून दाखवले आहे.

शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प सुरू केला तो मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत. बीड आणि धाराशिव त्यात आले. जामखेड त्यात नाही, कारण जामखेड कागदावर मराठवाड्यातही येत नाही आणि विदर्भातही नाही. पाऊस, जमीन, ऊसतोड आणि कर्ज शिवेच्या दोन्ही बाजूंना सारखेच असताना ही रेघ आरोग्यासाठी का असावी? टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो उपयोगाचा आहे आणि रात्री घाबरलेल्या माणसाने त्यावर जरूर फोन करावा. पण तो क्रमांक उपकेंद्राच्या भिंतीवर, मेडिकलच्या काउंटरवर आणि कारखान्याच्या गट ऑफिसात ठळक दिसला पाहिजे. फोनवरच्या बोलण्यानंतर दारात येणारे माणूसही हवे.

म्हणून आपल्याकडे मागणे असे आहे. शासकीय रुग्णालये आणि आरोग्य केंद्रांत झोपेसाठी किंवा रात्रीच्या घाबरण्यासाठी ही गोळी पहिल्यांदा लिहिताना ती बंद करायची तारीख मराठीत, रुग्णाला वाचता येईल अशा अक्षरात लिहावी, आणि ती चार आठवड्यांच्या आत असावी. त्यापुढे द्यायचीच असेल तर कारण लिहावे. जोडगोळीत झोपेचे औषध असेल तर तेही चिठ्ठीवर सांगावे. खासगी डॉक्टरांना त्यांच्या संघटनेमार्फत हीच विनंती करावी. अन्न व औषध प्रशासनाने विक्रेत्यांना चित्रांची एक पानी माहिती पुरवावी, आणि एच-१च्या वहीत जे नाव महिनोन्महिने पुन्हा येते त्या माणसाच्या हातात ती ठेवायला सांगावी. दंडाची भीती विक्रेत्याला गप्प करते. माहिती द्यायची जबाबदारी दिली तर तो बोलेल. गावातल्या प्रत्येकाला नावाने ओळखणारा मेडिकलवाला हा या कामातला मोठा आधार होऊ शकतो.

तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी अर्ज भरतात, त्यात उदासीनतेबद्दलचे दोन प्रश्न आधीच आहेत. त्यांच्याच खाली आणखी एक यावा: ‘झोपेसाठी रोज गोळी घेता का, आणि केव्हापासून?’ ज्या घरात उत्तर ‘हो’ आहे, तिथे आशाताईंनी गोळी कमी होत असण्याच्या काळात दर आठवड्याला जावे. त्या भेटींचा मोबदला त्यांना वेगळा आणि वेळेवर मिळावा. एवढ्या कामांच्या ओझ्याखाली आणखी एक काम फुकटात त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पाळी अकाली गेलेल्या बायकांची, रात्री पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांची आणि झोपेत श्वास अडकणाऱ्यांची वेगळी विचारपूस करायला समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना शिकवावे.

सुरुवात जामखेड तालुक्यापासून करावी. इथे ग्रामीण रुग्णालय आहे, आशाताई आहेत, आणि गावातल्या बाईला आरोग्य शिकवण्याचा अर्ध्या शतकाहून मोठा अनुभव असलेला प्रकल्प आहे. प्रशिक्षण कुठे घ्यायचे हा प्रश्नही उरत नाही. दसऱ्याला टोळ्या निघण्याआधी गावागावांत एकेक दिवस ठेवता येईल. त्या दिवशी कोण कोणती गोळी घेते ते पाकिटे पाहून नोंदवायचे, फडावर जाताना किती दिवसांची सोबत न्यायची ते ठरवायचे, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला नावे कळवायची, आणि परतल्यावर पहिल्या आठवड्यात पुन्हा भेटायचे. येत्या हंगामाआधी हे झाले तर मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततील तेव्हा किती जणींची गोळी कमी झाली, किती जणी पडल्या, किती जणींना दुसरेच दुखणे निघाले, हे आपल्या टेबलावर आकड्यांत येईल. त्या आकड्यांवरून बाकीच्या तालुक्यांचा निर्णय घेता येईल.

यासाठी आपल्या खात्याने एक परिपत्रक काढावे आणि त्याची प्रत जामखेडच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दसऱ्याच्या किमान दोन महिने आधी पोचवावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
जामखेडचा एक रहिवासी